समुद्राकडची खोली

मैत्रिणीसाठी आत्याच्या घरची समुद्राकडची खोली मी स्वतः फोन करून सांगून ठेवली आणि त्याच संध्याकाळी बाबा मला आयुष्यात पहिल्यांदा नको म्हणाले.

"त्यांना नको पाठवूस."

"का?"

"मे संपत आलाय. नको."

एवढंच बोलून ते मोरीत हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. आई हळूच म्हणाली, "स्वल्प गप्प बस. मग विचार." आई बेळगावकडची आहे, तिच्या मराठीत कानडी असं येऊन जाऊन असतं. पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिलाही यातलं काही माहीत नाही.

बाबांनी मला तोवर कधीच अडवलं नव्हतं. आमच्याकडे कॉलेजात जाणारी मी पहिली. कॉलेज म्हणजे नेमकं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे मी जे सांगेन ते ते मान हलवून मान्य करायचे. म्हणून हे 'नको' मला खरं तर कळलंच नाही. थोडा रागच आला.

खोलीचं प्रकरण सुरू झालं ते कॉलेजातूनच. आम्हाला पर्यटनाचा एक पेपर आहे. मॅडमनी सांगितलं होतं, एखाद्या गावात पर्यटन सुरू कसं झालं ते पुस्तकातून नको, घरच्या माणसांना विचारून लिहा. मी वर्गात फारशी बोलत नाही. इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. पण त्या दिवशी मी हात वर केला आणि म्हणाले की समुद्रकाठच्या आमच्या गावात पर्यटकांना पहिल्यांदा ठेवून घेतलं ते आमच्या घरानं. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मला ते आवडलं, हे कबूल करते.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. कोकणातलं, छोट्या बंदराचं गाव आहे. बाबा तिथून तरुणपणी बेंगळुरूला आले, पीण्याच्या कारखाना-वस्तीत लेथवर लागले, ते आजतागायत तिथेच आहेत. गावी ते परत गेले फक्त आजी वारली तेव्हा. सकाळी पोचले आणि दुपारच्या बसनं निघाले. आत्या त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही, आजीनंतर घर आणि पाहुण्यांच्या खोल्या तीच बघते. माझी सगळी माहिती तिच्याकडूनच आली. दुपारी तीनला तिचे पाहुणे झोपतात, तेव्हा मी फोन करायचे आणि स्पीकर लावून वहीत उतरवून घ्यायचे.

ती सांगायची ते मला अगदी नवीन होतं. मला वाटत होतं, समुद्रकाठच्या माणसांना समुद्र आवडत असणार. आत्या म्हणाली, जुन्या घरांकडे नीट बघ. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे.

"समुद्राकडे तोंड करून कोण बसतला गो? थंय काय आसा?"

तिथे विहीर, शेणाची गायरी, वाळत घातलेली जाळी, आणि त्यापलीकडे सकाळी लोटा घेऊन जायची जागा. समुद्राला लागून असलेली खोली म्हणजे घरातली सगळ्यात वाईट खोली. आमच्या घरी तिच्यात लाकडं, नारळाची सोडणं आणि फाटकी जाळी असायची. तिला एक खिडकी होती, ती कायम बंद. खाऱ्या वाऱ्यानं सगळं गंजतं म्हणून.

पहिले आले ते एसटी चुकलेले लोक. कंडक्टर त्यांना आजीकडे आणून सोडायचा, आजी ओसरीवर चटई घालायची. मग त्यांनी इतरांना सांगितलं. मग बेंगळुरूहून एक नवराबायको आले आणि म्हणाले, आम्हाला ती मागची खोली द्या. आजी म्हणाली, तिथे लाकडं आहेत. ते म्हणाले, लाकडं काढा. आजीला वाटलं, हे कुणापासून तरी लपायला आलेत. तिनं आत्याला लक्ष ठेवायला सांगितलं. आत्यानं दोन दिवस लक्ष ठेवलं. दोघं खिडकी उघडून नुसतं पाण्याकडे बघत बसायचे.

"दोन दिवस गो! माका वाटला, खुळावले."

त्यानंतर पाण्यात उतरणं आलं. आमच्या गावात हौसेनं समुद्रात कुणी जात नसे. कोळी कामाला जात. बाकीच्यांनी समुद्रात डोकं बुडवायचं ते राख सोडायला गेल्यावर. त्यामुळे पहिले पाहुणे जेव्हा ओले होऊन, हसत-खिदळत वर आले, तेव्हा शेजारच्या बाईनं आजीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कोण गेला तेंचा?" हे सांगताना आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मी ते तसंच लिहिलं, आणि वर्गात वाचल्यावर वर्गही हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली.

आणखी एक गोष्ट. एका पाहुण्यानं फळीवर कानडीत पाटी रंगवून दिली होती. घरात कुणालाच कानडी येत नव्हतं. ती पाटी दोन वर्षं फाटकावर होती आणि सगळे समजत होते की तिच्यावर घराचं नाव आहे. प्रत्यक्षात तिच्यावर लिहिलं होतं, 'इथे कुत्रा नाही'. का लिहिलं कुणास ठाऊक, बहुतेक थट्टाच असेल. आजी प्रत्येक पाहुण्याकडून एका शाळेच्या वहीत नाव-गाव लिहून घ्यायची, पोलिसांच्या भीतीनं. तेही बहुतेक कानडीत. कुणाला वाचता यायचं नाही, पण वही जपून ठेवायची.

"आणि कुणी पाण्यात लांब गेलं तर?" मी एकदा विचारलं.

"मी आसंय मा! माझी हाक खाडीपलीकडे जाता." आत्याला तिच्या हाकेचा अभिमान आहे. मागच्या फाटकापाशी उभी राहून ती ओरडते, लोक ऐकतात, परत येतात. इतक्या वर्षांत एकच गेला. "बेंगळुराचो होतो. दारू पिलेलो असतलो. आमी दोघांनी किती हाका मारल्या. आयकाक होया मा!"

"दोघांनी म्हणजे?"

"मी नि तुझो बापूस." मग तिच्या फाटकावर कुणीतरी आलं आणि तिनं फोन ठेवला.

त्या रात्री मी जेवताना बाबांना विचारलं. ते म्हणाले, "आत्याला विचार," आणि अर्ध्या ताटावरून उठले.

बाबा ओरडत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. लांबून हाकसुद्धा मारत नाहीत. मी पाच-सहा वर्षांची असताना बसस्टॉपवर त्यांचा हात सोडून रस्त्यात धावले होते. समोरून बस येत होती. दुसरा कुणीही बाप ओरडला असता. बाबा एक शब्द न बोलता धावले आणि मला दंडाला धरून मागे खेचलं. महिनाभर दंडावर त्यांची बोटं होती. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताना एकमेकांना पळायला सांगत ओरडायला लागली की ते आत येऊन खिडकी लावून घ्यायचे. दिवसभर मशीनचा आवाज ऐकून कान किटत असतील, असं मी समजत होते. आत्याचं बोलणं ऐकल्यावर मी पहिल्यांदा या गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवून बघितल्या, आणि मला बरं वाटलं नाही. पण पुढे काय विचारायचं ते सुचेना.

मॅडमनी माझा कच्चा मसुदा परत दिला तेव्हा एका जागी गोल केला होता. त्या बुडालेल्या माणसानंतर आजीनं दोन वर्षं एकही पाहुणा घेतला नव्हता. गोलाच्या बाजूला मॅडमनी फक्त 'का?' लिहिलं होतं.

माझं वाचन ऐकून मैत्रीण म्हणाली, मला त्याच खोलीत राहायचंय. ती कोरमंगलाच्या पीजीत राहते, तिच्याबरोबर पीजीतल्या आणखी चार मुली. पाचही जणी कानडी बोलणाऱ्या, समुद्र फक्त फोनवर बघितलेल्या. मधली परीक्षा संपली होती. मी फुशारकीनं आत्याला फोन लावला. आणि बाबा नको म्हणाले.

मी मैत्रिणीला एवढंच सांगितलं की बाबा म्हणतात, आता समुद्र चांगला नसतो. ती हसली. "तुझे बाबा म्हणजे ना! आम्ही काय पोहत पलीकडे जाणार आहोत का? गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहू, फोटो काढू." तिकिटं काढून झाली होती. वर्गात एवढं बोलून बसल्यावर मागे कसं फिरायचं, हेही होतं. मी गप्प राहिले. त्या शुक्रवारी गेल्या.

शनिवारी बाबांचा डबा घरीच राहिला म्हणून मी तो घेऊन पीण्याला गेले. त्यांच्या गल्लीत वीज गेली होती. एकही मशीन चालू नव्हतं. त्या गल्लीत मी माणसांचे आवाज इतके स्पष्ट कधी ऐकले नव्हते. बाबा समोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते.

"पोचल्या?" त्यांनी विचारलं.

"सकाळीच." मला वाटलं, फोटो दाखवला तर त्यांना बरं वाटेल. मैत्रिणीनं खोलीतून काढलेला होता. खिडकीची चौकट, माडांचे बुंधे, वाळू, आणि त्यापलीकडे लाटांच्या पांढऱ्या ओळी.

बाबांनी चिंधीला हात पुसले आणि फोन घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. लाटांच्या ओळी मधेच एका जागी तुटल्या होत्या. तिथे पाणी काळसर, गुळगुळीत होतं, रस्त्यासारखं सरळ आत गेलेलं. मला तीच जागा सगळ्यात छान वाटली होती.

"इथे लाट फुटत नाहीये," बाबा म्हणाले.

"म्हणजे तिथे शांत आहे ना?"

"शांत नाही. किनाऱ्याला आलेलं सगळं पाणी तिथून परत चाललंय."

त्यांनी माझ्याच फोनवरून आत्याला फोन लावला. स्पीकर चालूच राहिला होता.

"बाय, पोरी खंय आसत?"

"जेवतत. बांगडो आवडलो नाय तेंका, अंडी करून दिलंय. चार वाजता उतरतली खाली. कित्या रे?"

"पाण्यात सोडू नको तेंका."

"अरे, मी आसंय मा. उभी रवतलंय फाटकात. जरा पुढे गेली तर हाक मारतलंय."

बाबांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, "हाक मारू नको, बाय."

"हाक मारू नको तर काय करू? आरती ओवाळू?"

बाबांनी फोन कापला. एक वाजायला आला होता. ते फोन मांडीवर ठेवून बसले आणि मग त्यांनी मला सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हते. बंद पडलेल्या कारखान्याच्या दाराकडे बघत होते.

तेव्हाही मे संपत आला होता. होड्या वर काढून माडाच्या झापांखाली ठेवलेल्या. बेंगळुरूहून पाच जण आले होते, एकाच कंपनीत काम करणारी तरुण मुलं. दुपारी ते पाण्यात उतरले. आत्या विहिरीवर होती, तिला वरून ती काळी वाट दिसली. किनाऱ्यावरून आत खेचणाऱ्या पाण्याला आमच्या गावात ओढ म्हणतात. गावातल्या कुणालाही तो एक शब्द पुरतो. ऐकला की जो असेल तो मुकाट्यानं वाळूवर येतो. आत्या कळशी टाकून धावली आणि ओरडली, "ओढ रे! ओढ!" बाबा घरातून धावत आले आणि तेही ओरडायला लागले. "ओढ रे! ओढ रे!"

"त्यांना ऐकू गेलं," बाबा म्हणाले. "पाचही जणांनी वळून बघितलं. एकानं हात हलवला. मग ते हसले, आणि पळायला लागले. आत. शर्यत लावल्यासारखे. आम्ही आणखी मोठ्यानं ओरडलो. ते आणखी जोरात पळाले."

चौघांना कोळ्यांनी बाहेर काढलं. ज्यानं हात हलवला होता, तो सापडला नाही.

"मला वाटलं, आमची थट्टा केली," बाबा म्हणाले. "तुझी आत्या अजून तेच म्हणते. दारू प्यायले होते, माजलेले होते. मी वर्षभर त्या मेलेल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पाहुणे बंद झाले, घरात बसून काय करणार, म्हणून इथे आलो. कामाचा तिसरा की चौथा दिवस असेल. मी गेटाजवळ उभा होतो. माझ्या पाठीमागून लोखंडानं भरलेली लॉरी रिव्हर्स येत होती. फोरमन आम्हा दोघा-तिघांकडे बघून ओरडला, 'ओड्रो! ओड्रो!'"

मला पुढचं कळलं होतं. मी पहिलीपासून कानडी शाळेत शिकले आहे. ओडु म्हणजे पळ. ओड्रो म्हणजे पळा रे.

"मी तिथेच उभा राहिलो," बाबा म्हणाले. "मला कळेना, इथे कारखान्यात ओढ कुठून आली. दुसऱ्यानं मला ढकललं म्हणून वाचलो. तो म्हणाला, अरे बावळटा, पळ म्हणाला ना तो तुला! मी खाली जमिनीवर बसलो. सगळे म्हणाले, घाबरला."

टपरीवाल्यानं बाबांच्या पुढ्यात आणखी एक चहा ठेवला. बाबांनी तो माझ्याकडे सरकवला.

"ते थट्टा करत नव्हते गं. आम्ही सांगितलं, तेच करत होते."

मी विचारलं, आत्याला हे माहीत आहे का. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"पहिली हाक तिची होती," ते म्हणाले. "तिला कसं सांगणार? ती त्या किनाऱ्यावर राहते."

म्हणजे तीस वर्षं आत्या मागच्या फाटकात उभी राहून पाहुण्यांना तीच हाक मारत होती. लोक वाचले असतील ते तिचे हातवारे बघून, किंवा त्यांना मराठी येत होतं म्हणून, किंवा नुसतेच. आणि चार वाजता पाच कानडी मुली त्या खिडकीखालच्या पाण्यात उतरणार होत्या. मी मैत्रिणीला फोन लावला. लागला नाही. दुसरीचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी मेसेज केला, त्याला एकच टिक आली.

आम्ही तिथे किती वेळ बसलो ते मी बघितलं नाही. बाबांनी दोनदा फोन हातात घेऊन परत ठेवला. मी त्यांना सांगू शकले असते की मी सांगते आत्याला. मी तसं म्हटलं नाही. मला भीती वाटत होती. शेवटी त्यांनीच नंबर लावला.

त्यांनी सगळं मालवणीत सांगितलं, छोट्या छोट्या वाक्यांत, घाई न करता. लेथवर नव्या माणसाला काम समजावून सांगतात तसं. पलीकडून फक्त समुद्र ऐकू येत होता. आत्या फोन घेऊन मागच्या बाजूला उभी असणार. मला वाटलं, लाइन गेली.

"परत सांग," आत्या म्हणाली.

बाबांनी परत सांगितलं. ओडु म्हणजे काय, ओड्रो म्हणजे काय. एकदा त्यांनी ती हाक त्या दिवशी मारली असेल तशी, पण अगदी हळू आवाजात म्हणून दाखवली. टपरीवरच्या एका माणसानं मान वर करून बघितलं, आणि कुणी पळत नाही हे बघून परत चहा प्यायला लागला.

"मगे काय म्हणान आराडू?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ओढीला कानडीत काय म्हणतात? मला पटकन आठवेना. सेळेत, असा शब्द आहे, पण आमच्या पाठ्यपुस्तकात तो मनाच्या ओढीसाठी यायचा. पाण्यासाठी मी तो कुणाच्या तोंडी ऐकला नव्हता. मी सांगितला. बाबांनी तो दोनदा उच्चारून बघितला आणि मान हलवली. वाऱ्यात नाही टिकणार. मग बन्नी, म्हणजे या. तर बाबा म्हणाले, पाण्यात पुढे गेलेलीच मागच्यांना या म्हणते आहे असं वाटलं तर? मी हिंदी सुचवलं, इंग्रजी सुचवलं. प्रत्येक शब्दाला ते त्या किनाऱ्यावर नेऊन उभा करत होते आणि प्रत्येक शब्दात त्यांना कुणीतरी आत पळताना दिसत होतं.

"बाय," ते शेवटी म्हणाले, "आराडू नको. फाटकाक कुलूप घाल."

आत्यानं हो की नाही काही न म्हणता फोन ठेवला.

वीज आली. एकेक मशीन सुरू झालं आणि गल्ली पुन्हा नेहमीसारखी झाली. बाबा आत गेले. मी घरी गेले नाही, टपरीवरच बसून राहिले. चार वाजले. बाबा दाराशी येऊन माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचे, ते आत जायचे. असं चार-पाच वेळा झालं. आत्या फोन उचलत नव्हती. मैत्रिणीच्या मेसेजवर तीच एक टिक. सव्वापाचला मी स्वतःशी ठरवायला लागले होते की तिच्या आईला काय सांगायचं.

सहाला तिचा मेसेज आला. रागाचे पाच चेहरे, आणि खाली: 'तुझ्या आत्याचं डोकं फिरलंय.'

सोमवारी ती कॉलेजात भेटली. "फाटकाला कुलूप! आम्ही विचारलं, का? तर मोडक्या हिंदीत म्हणते, समुद्र बंद आहे. समुद्र बंद असतो का कधी? आम्ही म्हटलं, रस्त्यानं फिरून जातो. तर पुढच्या दाराला पण कुलूप! दोन दिवस घरात कोंडून ठेवलं. जेवण मात्र काय केलं होतं! पण बोलेना. नुसती त्या मागच्या खोलीच्या दारात बसून आमच्याकडे बघायची. मला तर भीती वाटली." मग तिनं मला एक बांगड्याच्या लोणच्याची बाटली दिली, आत्यानं पाठवलेली. मी तिला काही सांगितलं नाही. सांगेन, असं तेव्हा वाटत होतं.

प्रकल्प मी देऊन टाकला. मॅडमच्या 'का?' समोर मी लिहिलं की एका दुर्घटनेनंतर खोल्या दोन वर्षं बंद होत्या. ते खरं आहे. मॅडमनी त्यावर काही विचारलं नाही आणि मला चांगले मार्क मिळाले.

आत्याचा फोन त्यानंतर आठवड्यानं आला. बाबा नुकतेच जेवून उठले होते. तिनं बाकी काही न बोलता विचारलं, "त्याच्या घरच्यांका म्हायत आसा?"

"नाय."

"तेंका काय वाटता? दारू पिलेलो?"

बाबा खाली बसले.

"घर खंय ता म्हायत आसा तुका?"

मला वाटलं, ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "आसा."

आई हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. आजी वारली तेव्हा बाबा ती पाहुण्यांची वही बरोबर घेऊन आले होते. बसच्या पाट्यांवरून कानडी वाचायला शिकले, तेही त्या एका पानासाठीच. पत्ता मल्लेश्वरमचा होता. माझ्या कॉलेजपासून तीन क्रॉस, म्हणजे तीन आडवे रस्ते, सोडून. ते एकदा तिथे गेले होते, मी जन्मायच्या आधी. बाहेर एक बाई उभी होती, त्याच्या आईच्या वयाची. तिनं कोण हवंय म्हणून विचारलं आणि बाबा चुकून आलो म्हणून निघून आले. माझ्या ॲडमिशनच्या दिवशी मी त्यांना निदान कॉलेजच्या गेटपर्यंत तरी चला म्हणून किती विनवलं होतं. ते का आले नाहीत, हे मला आत्याच्या या फोननंतर कळलं.

"मी येतंय," आत्या म्हणाली. तिनं अजून घाट ओलांडलेला नाही. "दोघांनी आराडलला मा? दोघांनी जावया."

बाबांचं कानडी कारखान्याचं आहे. पाना मागता येतो, सुट्टी मागता येते. ते म्हणाले, हे मला नाही बोलता येणार. आत्याला तर येतच नाही. म्हणजे बोलायचं मी.

चार दिवस मी वाक्यं तयार करते आहे. हे माझे वडील, ही माझी आत्या. इथपर्यंत ठीक आहे. त्या गावातले आहेत. हेही जमतं. पुढच्या वाक्यात तो शब्द येतो. तो त्याच्या घरच्यांपुढे तसाच उच्चारल्याशिवाय काहीच सांगता येत नाही, आणि उच्चारला की तेही तेच ऐकतील, जे त्यानं ऐकलं. तिथून पुढे माझ्याकडे एकही वाक्य नाही. मॅडमना विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही.

आत्याची बस उद्या सकाळी पोचते. बाबांना तेव्हा दिसलेल्या त्या बाई अजून असतील की नाही, याचीसुद्धा आम्हाला खात्री नव्हती, म्हणून आज कॉलेज सुटल्यावर मी त्या क्रॉसवर गेले. बाबांनी सांगितलं होतं तसंच घर, दुमजली, बाहेर पारिजातक. वरच्या मजल्याच्या कठड्याला 'टू-लेट'ची पाटी होती. एक म्हाताऱ्या बाई पायरीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. मी थांबलेली बघून त्यांनी चष्मा वर केला.

"यारु बेकम्मा?" कोण हवंय, बाळ?

मी तयार केलेलं सगळं विसरले. "नाळे बर्तीवि," एवढंच तोंडातून निघालं. उद्या येतो आम्ही.

त्यांना वाटलं, आम्ही वरची जागा बघायला येणार. त्यांनी वर पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा खुलला होता.

"किती माणसं?" त्यांनी विचारलं.

"तीन," मी म्हटलं.